२० बाय ५०चं घर आणि ग्रीन बिल्डिंगची सक्ती: इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीस वर्षं झाली, इंदुरात घरांचे नक्शे काढतेय. आधी सुदामानगर, लोकमान्य नगर, वैशालीनगर. आता बायपासपलीकडच्या कॉलन्या. हल्ली लग्नात पंगतीला बसलं तरी शेजारचा माणूस विचारतो, "काय हो, निगम आता घरांनाही ग्रीन बिल्डिंगची सक्ती करणार म्हणे? करावी का?" निगम म्हणजे आपली महानगरपालिका. तेच तेच उत्तर दहा ठिकाणी देण्यापेक्षा एकदा लिहून काढलं. काही ठिकाणी नियम सांगितलेत, काही ठिकाणी माझं मत. दोन्ही वेगळं कळेल अशी काळजी घेतली आहे.

थोडक्यात सांगा: सक्ती करावी की नाही?

करावी. पण मोजक्या पाच-सहा गोष्टींची, अगदी लहान प्लॉटपासून. सर्टिफिकेटची मात्र नको.

ग्रीन बिल्डिंग म्हणजे नेमकं काय? गच्चीवर सोलर लावलं की झालं ना?

नाही झालं. गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर आणि खाली तीन खोल्यांत तीन एसी, अशी घरं मीच बांधून दिली आहेत, त्यामुळे हसत नाही. घर मुळात कमी तापावं, पाणी कमी लागावं, पडलेला पाऊस जमिनीत जावा, दिवसा दिवा लावावा लागू नये, आणि बांधताना वीट-सिमेंटची नासाडी कमी व्हावी, इतका साधा तो विचार आहे. वीज तयार करणं त्याच्या शेवटी येतं.

ज्या पाट्या तुम्ही मोठ्या इमारतींवर बघता, त्या मानांकनाच्या. आयजीबीसी ही उद्योगांच्या सीआयआय या संघटनेची परिषद. ती सर्टिफाइड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा पायऱ्या देते. 'गृह' (GRIHA) हे टेरी या ऊर्जा-पर्यावरणावर काम करणाऱ्या संस्थेनं केंद्राच्या अक्षय ऊर्जा मंत्रालयाबरोबर तयार केलेलं देशी मानांकन, त्यात एक ते पाच तारे असतात. दोन्ही ऐच्छिक आहेत आणि दोन्हींना फी, सल्लागार, कागद लागतात. बिल्डरला ते परवडतं, कारण पाटी दाखवून फ्लॅट विकता येतो. निवृत्तीच्या पैशातून घर बांधणाऱ्या मास्तरांना त्या पाटीचं काय करायचं?

आत्ता घरांसाठी काहीच नियम नाहीत का?

आहेत, पण तुमच्या-माझ्या घराच्या डोक्यावरून जातात.

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोनं डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. चांगली आहे. ती सांगते की भिंती आणि खिडक्यांतून आत येणारी उष्णता सरासरीनं दर चौरस मीटरला १५ वॉटच्या वर जाऊ नये. छताला वेगळी मर्यादा आहे. आपल्या नेहमीच्या उघड्या आरसीसी स्लॅबमधून त्या मर्यादेच्या अडीच-तीन पट उष्णता आत येते. पण ही संहिता ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटसाठी लिहिली आहे. म्हणजे साडेपाच हजार चौरस फुटांच्या आसपास. इंदुरात एवढ्या प्लॉटवर एक तर मल्टी, म्हणजे बहुमजली इमारत, उभी राहते किंवा बंगला.

२०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा बदलला आणि निवासी इमारतीही त्याच्या कक्षेत आल्या. तिथे उंबरठा आहे १०० किलोवॅटच्या जोडभाराचा, म्हणजे इमारतीला जोडलेल्या एकूण वीजभाराचा. तुमच्या घराचं बिल काढून बघा, जोडभार पाच-सात किलोवॅट असेल. राज्य सरकार हा उंबरठा खाली आणू शकतं, एवढी सोय कायद्यात आहे.

आणि मध्य प्रदेशात १४० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर पावसाचं पाणी जिरवणं बंधनकारक आहे. परवानगी घेताना त्यासाठी सुरक्षा निधी भरावा लागतो, काम दाखवलं की परत मिळतो. आता जरा कॅल्क्युलेटर घ्या. इंदुरातला मध्यमवर्गाचा आवडता प्लॉट कोणता? ३० बाय ५०. म्हणजे १,५०० चौरस फूट. म्हणजे १३९.३५ चौरस मीटर. चौरस मीटरच्या पासष्ट शतांशानं सुटला! २० बाय ५० तर ९३ चौरस मीटरच्या आत, त्याचा प्रश्नच नाही. हे कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण ज्या दोन मापांच्या प्लॉटनी हे शहर भरलंय, ती दोन्ही मापं नियमाबाहेर राहिली, हे खरं.

लहान घरांनी असा काय फरक पडणार?

एका घरानं नाही पडत. पण एखाद्या टेकडीवरून नाही तर विमान उतरताना शहराकडे बघा: गच्च्याच गच्च्या दिसतात, करड्या, एकमेकींना चिकटलेल्या. मल्टी मोजून सापडतात. नियम फक्त मोठ्यांना लावणं म्हणजे लग्नात फक्त व्याह्यांना जेवायला घालून पंगत उठवणं.

तुम्ही सक्तीत नेमकं काय धराल?

गच्चीपासून सुरुवात. आमच्या गल्लीत दोन घरं एकाच भिंतीची आहेत. एका गच्चीवर पांढऱ्या तुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक, दुसरीवर गळतीसाठी अंथरलेला काळा डांबरी थर. मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता अनवाणी पहिल्या गच्चीवर पापड गोळा करता येतात. दुसऱ्या गच्चीवर पाय टेकवत नाही. रात्री दहाला खालच्या खोलीत स्टुलावर चढून सिलिंगला हात लावा. पहिल्या घरात कोमट लागतं. दुसऱ्या घरात चहाचा कप धरल्यासारखं. त्या घरचे आजोबा तीन उन्हाळे झाले हॉलमध्ये झोपतात आणि कपाटातले कपडे घालायला काढले की इस्त्रीतून आल्यासारखे गरम असतात. फरक एका थराचा आहे. विटांचे तुकडे घालून कोबा, त्यावर पांढरा थर; हे आपल्या मिस्त्रींना नवीन नाही, फक्त हल्ली 'नंतर करू' म्हणून राहून जातं.

दुसरं, हवा. माळव्याच्या रात्री थंड म्हणून शब-ए-माळवाचं कौतुक होतं, आणि ते अजून बरंचसं खरं आहे. बाहेर गार असतं, घरातच उकडतं. कारण २० फुटी प्लॉटला दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत. हवा येणार फक्त पुढून आणि मागून, आणि मागचा एमओएस, म्हणजे प्लॉटच्या कडेनं मोकळी सोडायची जागा, आपण पत्रा टाकून धुणीभांड्याची जागा करून टाकलेला. अशा घरात जिना हीच चिमणी. जिन्याच्या माथ्याच्या खोलीला वर उघडणारी मोठी खिडकी ठेवा, रात्री ती आणि पुढची खिडकी उघडा, गरम हवा आपोआप वर निघून जाते. नक्शात एक रेघ लागते. मी सक्तीत ही रेघ घालेन. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या खिडकीला छज्जाही घालेन. एलिव्हेशन 'मॉडर्न' दिसावं म्हणून छज्जे उडवायची जी साथ आली आहे, तिच्यामुळे किती एसी विकले गेले असतील देव जाणे.

तिसरं पाणी, त्याला वेगळा प्रश्न हवाच. चौथं म्हणजे एमओएसचा काही भाग फरशीशिवाय, मातीचा ठेवणं. आणि पाचवं, सोलरची तयारी. तेही पुढे येतं.

नर्मदेचं पाणी येतं, बोअर आहे. मग पावसाचं पाणी जिरवायची कटकट कशाला?

नर्मदेचं पाणी जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, विंध्याचा चढ चढवून आणतात. पंपांचं वीजबिल इतकं जड आहे की २०२३ च्या फेब्रुवारीत निगमनं २४४ कोटींचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, लोकांना विकले, ते या पंपांसाठी ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायला. एवढं करून नळ एक दिवसाआड. बोअरचं म्हणाल तर केंद्रीय भूजल मंडळाच्या वर्गवारीत इंदूर 'अतिशोषित' आहे आणि उन्हाळा आला की कलेक्टर नव्या बोअरवर बंदी घालतात. "डग डग नीर", म्हणजे माळव्यात पावलापावलाला पाणी, हे आपण आता म्हणीतच वाचायचं.

हिशेब करू. घराची गच्ची ७०० चौरस फूट, म्हणजे ६५ चौरस मीटर. इंदूरचा पाऊस वर्षाला साधारण ९५० मिलिमीटर धरा. वाया जाणारा पाचवा हिस्सा सोडला तरी ४९ हजार लिटर उरतात. माणशी रोज १३५ लिटर या सरकारी मापानं पाच जणांच्या घराला हे ७३ दिवस पुरलं असतं. आत्ता ते पाइपातून रस्त्यावर, रस्त्यावरून नाल्यात आणि तिथून कान्ह नदीत जातं.

आता 'कटकट' हा शब्द. तो अगदी चुकीचा नाही, कारण इंदुरातले निम्मे खड्डे चुकीचे खणलेले बघितलेत मी. आपली माती काळी, कपाशीची. ती पाणी पिऊन फुगते आणि मग एक थेंब खाली जाऊ देत नाही. एका कॉलनीत घरमालकांनी हौसेनं चार फुटांचा खड्डा खणला, त्यात गिट्टी-रेती भरली, फोटो काढले. जुलैत त्यात पाणी भरलं ते गणपतीपर्यंत तसंच. शेवटी डासांचं औषध टाकावं लागलं. काळ्या मातीचा थर ओलांडून खाली मुरूम किंवा झिजलेला दगड लागेपर्यंत जायला हवं. कुठे सहा फूट, कुठे पंधरा. नियमात 'खड्डा असावा' असं लिहून भागत नाही, 'मुरुमापर्यंत असावा' असं लिहायला हवं.

आणि थेट बोअरमध्ये पाणी सोडणार असाल तर फिल्टरशिवाय कधीही नाही. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी बाहेर काढून द्यायचं, गच्चीवर कबुतरांची विष्ठा असते. मधल्या चेंबरमध्ये गिट्टी, रेती, कोळसा, आणि दर वर्षी मृगाच्या आधी सफाई. हे होणार नसेल तर बोअरमध्ये सोडूच नका, खड्डा पुरे. खराब पाणी एकदा खाली गेलं की ते सगळ्या गल्लीचं झालं.

खर्च किती वाढेल? घर बांधणारा आधीच कर्जात असतो.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वर सांगितल्यातल्या काही गोष्टींना जवळजवळ खर्चच नाही: जिन्याच्या माथ्याची खिडकी, मातीचा एमओएस, खिडक्यांच्या जागा नीट ठरवणं. काहींना थोडा आहे: पांढरा थर, छज्जे, सोलरचा रिकामा पाइप. खड्ड्याला खर्च आहे, आणि मुरूम खोल लागला तर बराच. तरीही माझ्या अनुभवात हे सगळं मिळून हॉलच्या फॉल्स सीलिंगच्या आणि मुख्य दाराच्या कोरीव कामाच्या पुढे जात नाही. आणि ज्यांच्याकडे फॉल्स सीलिंगच नसतं, अशा १५ बाय ४० वाल्यांना खड्डा निगमनं गल्लीत मिळून एक करून द्यावा. नियम सगळ्यांना आणि खर्चही सारखाच सगळ्यांना, असं केलं तर पहिल्याच वर्षी नियम बदनाम होईल.

जुने वाडे विनानियम थंड होते की! मग आता नियम कशाला?

वाड्याला दोन-अडीच फुटांच्या भिंती होत्या, मध्ये चौक होता, वर माळा होता. तो थंड राहिला कारण जागा होती आणि बांधणारा मिस्त्री पिढीजात तेच बांधत होता. आज घर तीन महिन्यांचं कंत्राट असतं आणि ठेकेदार दर चौरस फुटानं बोलतो. दर चौरस फुटात छज्जा येत नाही. चौक मागायला आलेले माझे अशील नक्शा पास होईपर्यंत त्या चौकाची एक बेडरूम करून टाकतात, हेही सांगून ठेवते.

निगम असा नियम स्वतः करू शकते का?

पूर्ण नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन आणि इमारत बांधकामाचं नियमन ही कामं शहरांकडे दिली, पण मध्य प्रदेशात घर कसं बांधायचं ते मुख्यतः भूमी विकास नियम २०१२ ठरवतात, आणि ते राज्याचे आहेत. त्यात बदल भोपाळहून होणार. निगमच्या हातात नक्शा तपासणी, सुरक्षा निधी आणि करातली सूट आहे. तेवढ्यातही बरंच होतं.

म्हणजे आणखी एक इन्स्पेक्टर, आणखी एक पाकीट?

सगळ्यात खरी भीती ही. तमिळनाडूनं २००३ मध्ये पावसाचं पाणी जिरवणं सगळ्या इमारतींना सक्तीचं केलं. भूजल वर आलं, हे खरं. घाईत नुसता पाइप जमिनीत खुपसून मोकळे झालेले लोकही होते, हेही खरं.

आपल्याकडे नक्शा ऑनलाइन पास होतो. तो पास झाल्यावर घर नक्शासारखं बांधलं की नाही, हे बघायला कोण येतं? छोट्या घराचं कंप्लिशन, म्हणजे काम पूर्ण झाल्याचा दाखला, घ्यायलाही फारसं कोणी जात नाही. त्यामुळे तपासणी तिथे लावा जिथे मालक स्वतःच्या पायानं येतो: संपत्ती कराचं खातं उघडताना. तीन फोटो, जागेच्या नोंदीसह: खड्डा उघडा असतानाचा, छज्जाच्या सळ्या दिसतील असा स्लॅबचा, आणि गच्चीच्या पांढऱ्या थराचा. दहा घरांमागे एक घर प्रत्यक्ष बघायचं, कोणतं ते संगणक ठरवेल. मोजायला सोप्या गोष्टी ठेवल्या की पाकिटाला जागा कमी राहते. मला सर्टिफिकेट नको आहे ते याचसाठी. शंभर गुणांच्या तक्त्यात दोन गुण इकडे-तिकडे कोणीही करेल, गच्ची पांढरी आहे की काळी यात काय करणार?

आणि स्वच्छतेचं उदाहरण घरचंच आहे. २०१७ पासून आपण पहिले येतोय. कचरा वेगळा करा हा नियम देशभर होता. इथे गाडी रोज सकाळी दारात आली, आणि मिसळलेला कचरा तिनं परत केला. आमच्या सासूबाई, ज्यांनी आयुष्यात कोणाचं ऐकलं नाही, त्या आता ओला-सुका वेगळा करतात, गाडीवाल्याला घाबरून.

अवैध कॉलन्यांचं काय? तिथे नक्शाच पास होत नाही.

इथे माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. नियम पाळणाऱ्यावर आणखी नियम, आणि न पाळणारा मोकळा, हा आक्षेप बरोबर आहे. एक वाट दिसते: कॉलनी वैध करताना किंवा जास्तीच्या बांधकामाचं कंपाउंडिंग करताना, म्हणजे दंड घेऊन ते नियमित करताना, नुसते पैसे न घेता गच्ची आणि पाण्याची अट घालावी. दंडातून काही रक्कम त्या कामासाठीच माफ करावी.

सक्तीऐवजी सूट द्या ना, लोक आपोआप करतील.

दोन्ही हवं. पुण्यात सोलर, पावसाचं पाणी, गांडूळखत यांपैकी एक असेल तर मालमत्ता करात पाच टक्के आणि दोन असतील तर दहा टक्के सूट मिळत आली आहे. आपल्या राज्यानंही पाणी जिरवणाऱ्यांना काम केलं त्या वर्षापुरती सहा टक्के सूट जाहीर केली होती. एका वर्षाची सूट म्हणजे साखरपुड्याचा पेढा, संसार चालत नाही त्यावर. जुन्या घरांना सक्ती करू नये असं माझं मत आहे, तिथे सूटच द्यावी, पण दर वर्षी, आणि दर वर्षी फोटो मागून.

दंडाऐवजी आमिष दाखवून काम करून घेणं इंदूरला नवीनही नाही. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून इथे आला, त्याचा अहवाल १९१८ मध्ये छापला गेला. शहरात प्लेग होता. त्यानं दिवाळीची मिरवणूक काढायची ठरवली आणि दवंडी पिटवली की मिरवणूक नेहमीच्या रस्त्यानं जाणार नाही. ज्या गल्ल्या सगळ्यात जास्त साफ होतील, घरांची डागडुजी करतील, तिथून जाईल. गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली म्हणतात. मिरवणुकीत प्लेगचा राक्षस आणि भला मोठा उंदीरही होता. दंड नाही, नोटीस नाही. पण गेडिसला एक दिवाळी साधायची होती, आपल्याला पन्नास वर्षं टिकणारा स्लॅब.

इतर कुठे घरांच्या छताची सक्ती आहे का?

तेलंगणानं एप्रिल २०२३ मध्ये थंड छताचं धोरण आणलं. सरकारी आणि व्यापारी इमारतींना सक्ती, घरांना ६०० चौरस यार्डांपासून पुढे. म्हणजे पुन्हा ५,४०० चौरस फूट. लहान घर तिथेही ऐच्छिक. धोरण चांगलं आहे, उंबरठा चुकला आहे.

सोलर सक्तीचं करावं का?

नाही. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे, रोजची बारा युनिट वीज मिळते, ज्याला परवडतं तो लावतोच आहे. पण उद्या शेजारी तिसरा मजला चढवेल आणि तुमच्या पॅनेलवर सावली येईल, त्याचं काय? सक्ती एवढीच असावी की गच्चीपासून मीटरपर्यंत रिकामा पाइप भिंतीत टाकलेला असावा. नंतर भिंत फोडण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं.

भाड्यानं राहणाऱ्यांचं काय?

विद्यार्थ्यांच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या बघितल्यात का, भंवरकुआंकडे? पत्र्याखाली पोरं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. मालक गच्ची पांढरी करणार नाही, कारण उकडतं दुसऱ्याला. सक्ती हवी म्हणते ती मुख्यतः यांच्यासाठी.

एएसी ब्लॉक वापरावे की लाल वीट?

एएसी ब्लॉक म्हणजे आत हवेचे बारीक बुडबुडे असलेला सिमेंटचा ठोकळा. तो उष्णता कमी आत घेतो आणि वजनाला हलका आहे. पण त्याचं जोडकाम आणि प्लास्टर वेगळं असतं. विटेच्या मिस्त्रीकडून विटेसारखं करून घेतलंत तर भेगा ठरलेल्या.

वास्तुशास्त्राप्रमाणे पाणी ईशान्येला हवं. खड्डाही तिथेच का?

गच्चीचा उतार ईशान्येला असेल तर खुशाल. नसेल तर पाणी जिथे उतरतं तिथे खड्डा. पाण्याला दिशा नाही, उतार कळतो. सेप्टिक टँकपासून मात्र दूर ठेवा, दिशा कोणतीही असो.

आमचं काम दिवाळीनंतर सुरू होतंय. नियम येईल तेव्हा येईल, आता काय करू?

ठेकेदाराशी लिखापढी करताना छज्जे, कोबा, पांढरा थर आणि जिन्याच्या माथ्याची खिडकी वेगळ्या ओळींत लिहून घ्या, 'दर चौरस फुटात सगळं आलं' यावर सही करू नका. पाया खणताना काळी माती कुठे संपते ते स्वतः उभं राहून बघा आणि टेपनं मोजून ठेवा. खड्ड्याची खोली तेव्हाच कळते, फुकट. पायाचा जेसीबी दारात असतानाच तो खड्डाही खणून घ्या. मशीन परत बोलवायचं म्हटलं की पुन्हा भाडं लागतं, आणि मग ते काम पुढच्या पावसाळ्यावर जातं.